वाडीवरच्या पत्राचे हशील कोणी भरायचे?

गिरगावातून दादरला जाणाऱ्या पत्राला जेवढे तिकीट लागते, तेवढेच गिरगावातून भामरागडच्या पलीकडच्या पाड्यावर जाणाऱ्या पत्राला लागते. पहिल्या पत्राचा बटवडा करताना पोस्टमन एकाच चाळीत वीस-पंचवीस पत्रे वाटून बाहेर पडतो. दुसऱ्यासाठी एका माणसाला ओढे-नाले ओलांडत काही मैल जावे लागते, आणि त्या दिवशी थैलीत कदाचित तेवढे एकच पत्र असते. दोन्हींच्या खर्चातला फरक कोणाला तरी सोसावा लागतो. शतकाहून अधिक काळ तो शहरातल्या पत्रांच्या उत्पन्नातून भागवला गेला, आणि ही फायद्याची पत्रे दुसऱ्या कोणी पळवू नयेत म्हणून पत्रे वाहण्याचा हक्क सरकारांनी स्वतःपुरता राखून ठेवला. देशभर एकच दर, प्रत्येक पत्त्यावर बटवडा आणि सरकारचा एकाधिकार या तीन गोष्टी अशा एकमेकींत गुंतल्या, की एक सोडवली की उरलेल्या दोन सैल पडतात. गेल्या तीन-चार दशकांत अनेक देशांनी यातला एकाधिकार काढून घेतला. भारतानेही तो २०२४ मध्ये काढला, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही.

एका दराचे तर्कशास्त्र रोलंड हिल या इंग्रज सुधारकाने १८३७ मधल्या आपल्या पुस्तिकेत मांडले. लंडनहून एडिंबरोला एक पत्र प्रत्यक्ष वाहून नेण्याचा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या भागाएवढाच येतो, असे त्याने हिशेबाने दाखवले. खर्च अंतराचा नाही, तो पत्र घेण्याचा, नोंदवण्याचा आणि घरी पोचवून पैसे वसूल करण्याचा आहे. म्हणून अंतरावर दर लावणे निरर्थक, आणि पैसे आधीच घेतले की निम्मे काम वाचते. १० जानेवारी १८४० रोजी ब्रिटनमध्ये पेनीचा एकच दर लागू झाला. या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. हिलच्या मूळ योजनेत पेनीचा दर टपाल कार्यालय असलेल्या शहरांपुरताच होता. तिथून पुढे खेड्यांत पत्र नेण्याचा खर्च ज्याच्या त्याने भागवावा असे त्याचे म्हणणे होते. खेडे महाग पडते हे एका दराच्या जनकालाही ठाऊक होते. ब्रिटनमध्ये प्रत्येक घरापर्यंत बटवड्याचे आश्वासन मिळायला १८९७ साल, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, उजाडावा लागला.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८३७ मध्ये भाडे घेऊन पत्रे वाहण्याचा एकाधिकार स्वतःकडे घेतला, पण दर अंतरावरच राहिले. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र पाठवायला एक रुपया पडे. १८५२ मध्ये सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी तिकिटांचा पहिला प्रयोग केला, तो ‘सिंद डाक’ या नावाने ओळखला जातो; सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. डलहौसीच्या कारकिर्दीत १८५४ च्या कायद्याने पाव तोळ्याच्या पत्राला देशभर अर्धा आणा असा दर ठरला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. मग १८९८ च्या भारतीय टपाल कार्यालय कायद्याने कलम ४ मध्ये एकाधिकार पक्का केला. त्याला तीन अपवाद होते: प्रवासाला निघालेल्या मित्राच्या हाती मोबदला न देता दिलेले पत्र, खास माणूस धाडून पाठवलेले पत्र, आणि मालासोबत त्याच मालाविषयी दिलेली चिठ्ठी. एसटीने गावी निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती चिठ्ठी देणारे कायद्याच्या आतच होते. त्या शेजाऱ्याने चार आणे मागितले असते तर मात्र गुन्हा झाला असता.

याच काळात खेड्यातल्या टपाल कार्यालयाला पत्रांखेरीज दुसरी कामे चिकटली. मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली, बचत बँक १८८२ मध्ये. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याचा पगार रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाडीवर पोचे तो मनीऑर्डरनेच. कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हे नाव पडले ते त्यामुळे. पोस्टमन पैसे मोजून देई, पावतीवर अंगठा घेई, आणि घरात वाचणारे कोणी नसेल तर कुपनावरचा दोन ओळींचा मजकूर वाचूनही दाखवी. खेड्यांच्या दृष्टीने टपालसेवा म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक दारापर्यंत येणारा माणूस आणि दुसरी पैशाचे व्यवहार होणारी खिडकी. स्पर्धेच्या चर्चेत या दोन्हींची नेहमी सरमिसळ होते. परदेशांतले अनुभव नीट पाहिले, तर बहुतेक ठिकाणी खेड्यांनी आधी खिडकी गमावली, आणि ती घालवणारी स्पर्धा नव्हती.

न्यूझीलंड

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टपालखात्याचे सरकारी मालकीच्या कंपनीत रूपांतर केले. नफ्यातोट्याचा हिशेब मांडला गेला आणि ५ फेब्रुवारी १९८८ या एका दिवशी ४३२ टपाल कार्यालये बंद झाली. त्या वेळी पत्रांवरचा एकाधिकार शाबूत होता. खाजगी स्पर्धक अजून मैदानात नव्हता. फक्त प्रत्येक कार्यालयाचा खर्च स्वतंत्रपणे दिसू लागला होता. शेतावर राहणाऱ्या कुटुंबांकडून टपाल घरपोच आणण्याबद्दल वार्षिक शुल्कही घेतले जाई. पुढे ते रद्द झाले.

एकाधिकार पूर्ण संपला तो १९९८ च्या टपालसेवा कायद्याने, १ एप्रिलपासून. पण त्याच वेळी सरकारने टपाल कंपनीशी एक लेखी करार केला. किती पत्त्यांवर आठवड्यातून किती दिवस बटवडा होईल, कार्यालयांची किमान संख्या किती राहील, ग्रामीण शुल्क पुन्हा लावायचे नाही, हे सगळे आकड्यांत लिहिले गेले. स्पर्धेच्या चाहुलीने साध्या पत्राचे तिकीट १९९५ मध्येच ४५ सेंटांवरून ४० सेंटांवर उतरले होते. पुढे पत्रे आटली आणि २०१३ मध्ये करार बदलला, तेव्हा शहरांत किमान तीन दिवस आणि ग्रामीण भागात किमान पाच दिवस बटवडा ठरला. शहरापेक्षा शेताला जास्त दिवस मिळाले, कारण ग्रामीण मार्गावरचा कंत्राटदार पत्रांसोबत वृत्तपत्रे आणि पार्सलेही पोचवत होता आणि शेतावरच्या कुटुंबांना दुसरा पर्याय नव्हता. हा करार दगडावरची रेघ नाही; बटवड्याचे दिवस नंतर आणखी कमी झाले. पण प्रत्येक बदलासाठी सरकारला तो कागद उघडावा लागला आणि त्यावर लोकांचे म्हणणे मागवावे लागले.

स्वीडन आणि फिनलंड

स्वीडनने १ जानेवारी १९९३ रोजी एकाधिकार रद्द केला. प्रत्यक्षात १९९१ पासूनच सिटीमेल नावाची कंपनी स्टॉकहोममध्ये पत्रे वाटत होती. तिने बँका आणि विमा कंपन्यांची संगणकावर छापलेली, आधीच पत्त्यांच्या क्रमाने लावलेली पत्रे घेतली, आणि शहरात दर तिसऱ्या दिवशी बटवडा केला. रोज जाण्याची गरज नसल्यामुळे तिचा खर्च कमी. उत्तरेकडच्या लॅपलंडमध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता. टपाल व्यवसायात मलई कुठे आहे हे यातून उघड झाले: मोठ्या ग्राहकांची, एकगठ्ठा, दाट वस्तीतली पत्रे. सरकारी टपाल कंपनीने ती टिकवण्यासाठी मोठ्या ग्राहकांचे दर उतरवले आणि सामान्य माणसाचे तिकीट महाग केले. खेड्यातल्या माणसाला नवी कंपनी कधी दिसली नाही, वाढलेले तिकीट मात्र दिसले.

स्वीडिश खेड्यात जाणारा पोस्टमन अनेक ठिकाणी मोटारीतून फिरता काउंटरच घेऊन जातो. तिकिटे विकतो, पार्सल घेतो. ही पद्धत टिकली. खिडकी मात्र गेली. २००१-०२ मध्ये कंपनीने आपली बहुतेक कार्यालये बंद करून किराणा दुकाने आणि पेट्रोलपंपांवर टपालाची कामे सोपवली. पैसे भरण्या-काढण्यासाठी काही वर्षे वेगळी सरकारी व्यवस्था ठेवली होती, ती २००८ अखेर आवरली गेली. ज्या गावात दुकानच नाही, तिथे टपाल सोपवायलाही कोणी नव्हते.

शेजारच्या फिनलंडने निराळी युक्ती केली. नव्या कंपनीने परवाना घ्यावा, पण ती फक्त दाट वस्तीत सेवा देणार असेल तर उलाढालीच्या ५ ते २० टक्के रक्कम शुल्क म्हणून भरावी, असा नियम १९९० च्या दशकात झाला. त्यामागे उद्देश विरळ वस्तीचा खर्च भागवण्याचा. मलईच्या जागी मलईचा हिशेब लागल्याबरोबर इच्छुकांचा उत्साह मावळला, आणि टीकाकारांनी याला आडून ठेवलेला एकाधिकार म्हटले. टीका खोटी नव्हती. तरीही खेड्याचा खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न या देशाने निदान नियमात लिहिला.

युरोपीय संघाने टप्पे पाडले. १९९७ च्या निर्देशाने ३५० ग्रॅमपर्यंतची पत्रे राखीव ठेवण्याची मुभा दिली, २००३ पासून मर्यादा १०० ग्रॅमवर आणि २००६ पासून ५० ग्रॅमवर आली. बहुतेक सदस्यदेशांना २०१० अखेर आणि उरलेल्यांना २०१२ अखेर बाजार पूर्ण खुला करावा लागला. बदल्यात ‘सार्वत्रिक सेवा’ कायद्यात आली: आठवड्यातून किमान पाच दिवस पत्रपेटी उघडणे आणि घरपोच बटवडा, परवडणाऱ्या दरात, सगळ्या प्रदेशात.

ब्रिटन

ब्रिटनने युरोपच्या मुदतीआधीच, १ जानेवारी २००६ रोजी, टपालाचा बाजार पूर्ण खुला केला. नवी कंपनी दारोदार पोस्टमन फिरवेल अशी अपेक्षा होती, घडले वेगळेच. स्पर्धकांनी मोठ्या कंपन्यांकडून पत्रे गोळा केली, आपल्या यंत्रांवर वेगळी केली आणि शेवटच्या बटवड्यासाठी ठरलेल्या दराने रॉयल मेल या सरकारी टपालसंस्थेच्याच हवाली केली. सगळ्यात महागडे काम, म्हणजे दारापर्यंत चालत जाणे, जुन्या खात्याकडे राहिले. सरकारने नेमलेल्या रिचर्ड हूपर यांच्या पाहणीत २००८ मध्ये स्पष्ट म्हटले गेले, की खुल्या बाजाराचा लाभ मोठ्या ग्राहकांना झाला, पण घरगुती ग्राहक आणि छोट्या व्यावसायिकांना लक्षणीय असे काही मिळाले नाही. स्वतःचे पोस्टमन घेऊन २०१२ मध्ये पश्चिम लंडनमध्ये उतरलेल्या टीएनटी पोस्टने (पुढे तिचे नाव व्हिसल झाले) २०१५ मध्ये बटवडा बंद केला. ही कंपनी शहरांच्या पलीकडे गेलीच नव्हती. लंडन आणि मँचेस्टरसारख्या दाट शहरांतही दुसरा पोस्टमन परवडत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

खेड्यांतल्या टपाल कार्यालयांची कहाणी याहून वेगळी आहे. ब्रिटिश खेड्यातले टपाल कार्यालय बहुधा एखाद्या दुकानाचा कोपरा असते, आणि दुकानदार कमिशनवर पोस्टमास्तरचे काम करतो. लोक पेन्शन घ्यायला येत आणि जाताना दूध-पाव घेऊन जात. २००३ पासून सरकारने पेन्शन आणि भत्ते थेट बँक खात्यात वळवायला सुरुवात केली आणि हा राबता तुटला. त्यानंतर २००७ ते २००९ या काळात सुमारे २,५०० कार्यालये बंद करण्याचा कार्यक्रम पार पडला. काही ठिकाणी त्याऐवजी फिरत्या गाड्या आल्या किंवा चर्चच्या, क्लबच्या जागेत आठवड्यातले काही तास खिडकी उघडू लागली. गावचे टपाल कार्यालय बंद पडले की दुकानही अनेकदा त्यामागोमाग बंद पडे. इथे खेड्याचे नुकसान स्पर्धकाने केले नाही. सरकारने स्वतःचे गिऱ्हाईक उठवून बँकेत नेऊन बसवले. याच काळात अनुदान आले आणि अंतराचे निकषही: ग्रामीण लोकसंख्येपैकी ९५ टक्के लोकांना तीन मैलांच्या आत टपाल कार्यालय असावे.

२०१२ मध्ये कार्यालयांची कंपनी बटवड्याच्या कंपनीपासून वेगळी झाली, आणि २०१३ मध्ये रॉयल मेलचे शेअर बाजारात विकले गेले. पहिल्या वर्गाचे तिकीट २००६ मध्ये ३२ पेन्सना होते, २०१२ मध्ये ६० पेन्सवर गेले, एप्रिल २०२५ मध्ये १ पौंड ७० पेन्सवर. पत्रांची संख्या एकेकाळी वर्षाला २,००० कोटींवर होती, ती ७०० कोटींच्या खाली आली. २०२५ मध्ये चेक उद्योगपती डॅनिएल क्रेटिन्स्की यांच्या समूहाने कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नियामक ऑफकॉमने दुसऱ्या वर्गाची पत्रे दिवसाआड वाटायला परवानगी दिली. एवढ्या उलथापालथीतही एक गोष्ट टिकली: शेटलंड बेटांवर जाणाऱ्या पत्राला लंडनमधल्या पत्राएवढेच तिकीट लागते. कारण ते कायद्यात लिहिलेले आहे.

जे कायद्यात नाही त्याचे काय होते, ते पार्सलांत दिसते. पार्सलांचा धंदा केव्हाचाच खुला आहे. स्कॉटलंडच्या हायलँड भागात आणि बेटांवर राहणारा ग्राहक ऑनलाइन काही मागवतो तेव्हा पोस्टकोड टाकताच अनेक दुकाने जादा आकार दाखवतात, किंवा तिकडे माल पाठवतच नाही म्हणतात. इन्व्हर्नेससारख्या शहरालाही हा आकार लागतो, कारण कुरिअर कंपन्यांच्या नकाशात ते शहर आणि भोवतालचा दुर्गम मुलूख एकाच पोस्टकोड विभागात येतात. ग्राहक संघटनांनी आणि स्कॉटिश राजकारण्यांनी वर्षानुवर्षे यावर आवाज उठवला. बाजाराने अंतराचा दर परत आणला, जो हिलने १८४० मध्ये घालवला होता.

डेन्मार्कने शेवटचे टोक गाठले. तिथे सरकारी कारभार जवळजवळ पूर्ण डिजिटल झाला आणि २००० पासून पत्रे ९० टक्क्यांहून अधिक घटली. १ जानेवारी २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने सार्वत्रिक सेवेचे बंधनच काढले. सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्डने २०२५ च्या अखेरीस, १६२४ पासून चालत आलेला पत्रांचा बटवडा थांबवला आणि सुमारे १,५०० लाल पत्रपेट्या रस्त्यांवरून काढून घेतल्या. पत्रे आता दाओ ही खाजगी कंपनी वाटते, आणि पत्र टाकायचे तर तिच्या दुकानात जावे लागते किंवा घरून उचलण्याचे जादा पैसे भरावे लागतात. डिजिटल व्यवहार न जमणारी वृद्ध माणसे या बदलात सर्वांत अडचणीत आली, आणि ती शहरांपेक्षा बेटांवर आणि खेड्यांत जास्त आहेत.

भारत

भारतात बाजार कायद्याने खुला होण्याआधी व्यवहारात खुला झाला. मुंबई-गुजरात व्यापाऱ्यांचे पैसे आणि माल पोचवणारे आंगडिये तर फार जुने. पण आधुनिक कुरिअर १९८० च्या दशकात मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत वाढले. १८९८ च्या कायद्याखाली त्यांचा धंदा उघड बेकायदा ठरला असता. ‘आम्ही पत्रे नाही, कागदपत्रे नेतो’ असे ते म्हणत, आणि ‘पत्र’ म्हणजे काय हे कायद्याने सांगितलेच नसल्यामुळे वाद तसाच लोंबकळत राहिला. टपालखात्याने १९८६ मध्ये स्पीड पोस्ट काढून उत्तर दिले. मधल्या काळात बँकांची चेकबुके, कंपन्यांचे भागधारकांचे कागद, लग्नपत्रिका, सगळे कुरिअरकडे गेले.

खेड्यात मात्र कुरिअर पोचले नाहीत. कुरिअरची शाखा तालुक्याच्या गावी असते. फोन येतो, ‘तुमचे पाकीट आले आहे, घेऊन जा.’ पत्त्यात ‘मु. पो.’ असलेल्या माणसाला त्यासाठी एसटीचे जाऊन-येऊन भाडे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी घालवावी लागते. आता कंपन्या आधीच सांगतात, ‘या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही.’ पिनकोडची सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याला, संस्कृतच्या विद्वानाला जाते. देशातले कुठलेही गाव सुटू नये म्हणून बनवलेली ही यादी पुढे गावे वगळण्यासाठी फार सोयीची ठरली.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगावी लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत ऑनलाइन खरेदीमुळे खाजगी पार्सल कंपन्या पूर्वीपेक्षा बरेच आत आल्या. रस्त्यालगतच्या मोठ्या गावांत मोटारसायकलवरून पिशवीभर पार्सले आणणारा गावचाच मुलगा आता ओळखीचा झाला आहे, आणि पार्सल कुठपर्यंत आले हे मोबाइलवर दाखवायला टपालखाते त्यांच्याकडूनच शिकले. पण ही सेवा मागणीमागे जाते. मागणी नसलेल्या वाडीला ती सोडून देते, आणि तसे करण्यात कंपनीचा दोष काढता येत नाही. तिच्यावर तशी जबाबदारी कोणी टाकलेलीच नाही.

ती टाकण्याचा एक प्रयत्न झाला होता. २००६ च्या मसुद्यात ३०० ग्रॅमपर्यंतची पत्रे टपालखात्यासाठी राखीव ठेवायची, कुरिअरांनी नोंदणी करायची आणि मोठ्या कुरिअर कंपन्यांनी ग्रामीण सेवेसाठीच्या निधीत उलाढालीचा हिस्सा भरायचा, अशा तरतुदी होत्या. कंपन्यांनी कडाडून विरोध केला आणि मसुदा कपाटात गेला. त्यानंतर थेट टपाल कार्यालय कायदा, २०२३ आला. तो ऑगस्टमध्ये राज्यसभेत मांडला गेला, डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. संसदेत आणि वृत्तपत्रांत वाद रंगला तो टपाल उघडून पाहण्याच्या सरकारी अधिकारावर. १८९८ च्या कलम ४ मधला पत्रवहनाचा एकाधिकार नव्या कायद्यात नाही, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूला राहिली. तिकिटे छापण्याचा एकाधिकार तेवढा राहिला. न्यूझीलंडने एकाधिकार काढताना करार लिहिला, युरोपने आठवड्याचे दिवस लिहिले. भारताच्या नव्या कायद्यात वाडीवर किती दिवसांनी पोस्टमन यावा, किती अंतरावर टपाल कार्यालय असावे, याचे कलम नाही.

ही मापे आहेत, पण ती खात्याच्या आदेशांत आहेत. नवे शाखा टपाल कार्यालय उघडायचे तर सर्वसाधारण भागात आसपासच्या गावांची मिळून ३,००० लोकसंख्या लागते, डोंगरी आणि आदिवासी भागात एकट्या गावाची ५००; जवळच्या कार्यालयापासून सहसा तीन किलोमीटरचे अंतर लागते. उत्पन्नाची अट सर्वांत बोलकी आहे. सर्वसाधारण भागात खर्चाच्या एकतृतीयांश, आणि डोंगरी, आदिवासी, वाळवंटी भागात १५ टक्के उत्पन्न अपेक्षित असले तरी कार्यालय मंजूर होऊ शकते. म्हणजे खर्चाचा मोठा वाटा परत येणार नाही हे सरकारने धरूनच ठेवले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपाल कार्यालये होती. आज ती दीड लाखाहून अधिक आहेत आणि दहातली नऊ ग्रामीण भागात आहेत. हा विस्तार शहरातल्या पत्रांच्या नफ्यावर झालेला नाही. ५० पैशांचे पोस्टकार्ड वर्षानुवर्षे खर्चाच्या लहानशा अंशात विकले गेले, आणि खात्याची हजारो कोटींची तूट केंद्रीय अर्थसंकल्पातून भरली गेली. त्यामुळे एकाधिकार गेल्याने भारतीय खेड्यात ताबडतोब काही कोसळले नाही. इथे वाडीचा खर्च मुंबईच्या पत्रलेखकाऐवजी करदाता केव्हापासूनच भरतो आहे. ही व्यवस्था युरोपपेक्षा सोपी आहे, आणि जास्त कच्चीही. अर्थसंकल्पातली रक्कम दरवर्षी नव्याने ठरते.

दुसरा मोठा वाटा उचलतो तो ग्रामीण डाकसेवक. पूर्वी त्यांना ‘खात्याबाहेरचे एजंट’ म्हणत, आणि खेड्यापाड्यांत अजूनही ‘ईडी’ हा शब्द ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात त्यांचे पद हे नागरी सेवेतले पद असल्याचा निर्णय दिला, पण नियमित कर्मचाऱ्याचा पगार आणि पेन्शन त्यामुळे मिळाले नाही. देशभरात अडीच लाखांहून अधिक डाकसेवक आहेत. काम दिवसाचे चार ते पाच तास असे धरले जाते, उपजीविकेचे दुसरे साधन असणे ही भरतीची अट आहे, आणि शाखा टपालमास्तराने कार्यालयासाठी जागाही स्वतः द्यायची असते. गावात टपाल कार्यालयाची पाटी बहुधा कोणाच्या तरी ओसरीवर दिसते ती त्यामुळे. त्यांच्या वेतनाविषयीच्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी लवकर लागू कराव्यात म्हणून २०१८ च्या मे-जूनमध्ये डाकसेवकांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ संप केला. त्यानंतरच्या सुधारणेत चार तासांच्या शाखा टपालमास्तराचा मूळ भत्ता १२,००० रुपये आणि सहायकाचा १०,००० रुपये झाला. ग्रामीण टपाल स्वस्तात चालते याचे एक कारण खात्याची कार्यक्षमता असेलही. पण डाकसेवकाला पूर्ण वेळेचा कर्मचारी न मानणे हे मोठे कारण आहे. स्पर्धेला तोंड देण्यासाठी खाते जेव्हा खर्चकपातीची भाषा करते, तेव्हा कात्री चालवायला याहून खाली फारशी जागा नसते.

डाकसेवकाच्या थैलीत आता पत्रे थोडीच असतात. बँकेची नोटीस, आधार कार्ड, न्यायालयाचे समन्स, नोकरीचे बोलावणे. कामाचा भार मोबाइल यंत्राकडे सरकला आहे. १ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली, आणि पुढे बोटाच्या ठशावर कुठल्याही बँकेतले पैसे डाकसेवक दारात काढून देऊ लागला. निराधार योजनेचे किंवा पेन्शनचे पैसे खात्यात जमा होतात, पण खाते असलेली बँक पंधरा-वीस किलोमीटरवर असते. तिथे म्हाताऱ्या माणसाला हीच सोय लागते. ब्रिटनने पेन्शन खिडकीवरून काढून बँकेत नेली, भारताने बँक खिडकीवर आणून ठेवली. निवड सरकारची होती आणि ती टपालाच्या बाजाराशी जोडलेली नव्हती. सुकन्या समृद्धी, आवर्ती ठेव, ग्रामीण टपाल जीवन विमा यांचे उत्पन्नच आता शाखा कार्यालयाला जगवते. बचत खाती सांभाळण्याचा मोबदला खात्याला अर्थ मंत्रालयाकडून मिळतो. त्याबरोबर खाती उघडण्याची आणि विमा उतरवण्याची उद्दिष्टेही आली. महिनाअखेरीस डाकसेवक ओळखीच्यांच्या मागे लागतो, आणि कधीकधी पहिला हप्ता पदरचा भरतो.

पत्रांच्या बाजूला मात्र नव्या कायद्यापाठोपाठ बदल झाले ते चटकन आणि फारशी वाच्यता न होता. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, नव्या नियमांबरोबर छापील पुस्तकांसाठीची स्वस्त बुकपोस्ट सेवा बंद पडली. शहराबाहेरच्या वाचकासाठी, तालुक्याच्या वाचनालयासाठी आणि एकहाती चालणाऱ्या मराठी प्रकाशनांसाठी बुकपोस्ट हाच आधार होता. ग्रंथविक्रेता नसलेल्या गावात पुस्तक त्याच वाटेने येई. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० रुपयांपर्यंत. त्यात पुस्तके आणि शैक्षणिक साहित्य बसते, ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने बसत नाहीत. वृत्तपत्र म्हणून नोंदणी करून मिळणारी जुनी सवलत अंकांमध्ये ३१ दिवसांहून जास्त अंतर नसलेल्या नियतकालिकांसाठी होती. वर्षातून एकदाच निघणारा दिवाळी अंक या दोन्हींच्या फटीत पडतो. तो पाठवायचा तर पार्सल किंवा स्पीड पोस्टचा दर भरावा लागतो, नाहीतर कुरिअर धरावे लागते. आणि कुरिअर ज्या पिनकोडला जात नाही, तिथल्या वर्गणीदारासाठी पहिलाच मार्ग उरतो.